लेथ बंद करून बोलणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, स. न. वि. वि.

त्या दिवशी माझ्या मोटरसायकलवरच्या स्क्रीनच्या कामाचे पैसे देताना गळा दाटून आला आणि मी नुसता नमस्कार करून निघालो. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि मुद्दाम उघड लिहितोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी माणसं बसलेली आहेत हे गाडीवाल्यांना कळायलाच पाहिजे.

मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. कानातल्या मशीनवर हेल्मेट चढलं की ते शिट्टी मारायला लागतं, त्यामुळे गाडीवर मी ते काढूनच ठेवतो. "पुढे डावीकडे वळा" असं फोन कितीही ओरडला तरी मला त्याचा काही उपयोग नाही. मला रस्ता डोळ्यांना दिसावा लागतो, मोठ्या स्क्रीनवर, भर उन्हातसुद्धा. माझ्या सेकंडहँड गाडीला हँडलच्या मधोमध कंपनीचाच नेव्हिगेशनचा स्टँड आहे. किल्ली फिरवली की त्यातल्या स्प्रिंगच्या पिनांना करंट येतो. पण त्यात बसणारा जुना स्क्रीन कायमचा गेला आणि नवा आणला तो खाचेत बसेना. पिनांतून येणार १२ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४च्या आसपास, आणि नव्या स्क्रीनला हवेत ५. मागचा आकार वेगळा, लॉक वेगळं.

हे घेऊन मी आधी कुठे कुठे गेलो तेही सांगतो. एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने स्टँडकडे बघितलंसुद्धा नाही. "इअरफोन घाला की," म्हणाला. ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याने माझ्याशी बोलणंच सोडलं आणि सोबत आलेल्या पुतण्याकडे तोंड करून बोलायला लागला. गाडी माझी, पैसे माझे, आणि उत्तरं मात्र पोराला. दुसऱ्या दुकानात सल्ला मिळाला की तो स्टँड कापून टाका आणि फोनचा क्लॅम्प लावा. मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द ॲपलने २०२१ मध्ये सांगितलंय. माझा फोन म्हणजे माझं लोकांशी बोलायचं साधन आहे, तो मी हँडलवर का बांधू? तिसऱ्या ठिकाणी तर, "ऐकू येत नाही तर गाडी चालवता कशाला?" असं तोंडावर विचारलं गेलं. ऐकू न येणारा माणूस चाचणी पास झाला तर त्याला लायसन्स मिळू शकतं, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. माझं लायसन्स रीतसर आहे. त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. गुऱ्हाळाचा हंगाम तोंडावर आलेला, चरकाचे गिअर दारात रांगेने पडलेले, लेथवर जॉब चढवलेला. मी फोनवर लिहून तुमच्यापुढे धरलं, "मला कमी ऐकू येतं, ओठ बघून समजतं." तुम्ही वाचलंत. चालू कट पूर्ण केलात, टूल मागं घेतलंत आणि लेथ बंद केलात. हात पुसत दारातल्या उजेडात आलात, माझ्याकडे तोंड करून उभे राहिलात आणि म्हणालात, "आता बोला. घाई न्हाई."

मेस्त्री, ही एवढी गोष्ट मला जन्मभर पुरणार आहे. मशीन बंद म्हणजे काम बंद, हे मला कळतं. त्यानंतरही मला काही सांगायचं असलं की दर वेळी तुम्ही तेच केलंत. आधी लेथ थांबायचा, मग तुम्ही उजेडात यायचात. एकदा तुमच्या पोराने माझ्या पाठीमागून काहीतरी विचारलं, तर त्यालाही तुम्ही हातानेच खूण करून पुढे बोलावलंत. बँकेत, दवाखान्यात, सरकारी खिडकीवर मी आयुष्य काढलंय. लोक एक तर ओरडतात, नाहीतर "जाऊ दे, काही नाही" म्हणून मान फिरवतात. चांगली शिकलेली माणसं असं वागतात. समोरच्याला काय लागतं ते एकदा ऐकून तेवढं करायचं, एवढं साधं वागणं इतकं दुर्मिळ का झालंय, हे मला खरंच समजत नाही.

कामाचं काय सांगू! मूळ स्टँडला भोक पाडायला तुम्ही साफ नकार दिलात. "कंपनीचा माल हाय, तसाच ऱ्हाऊ दे." जुन्या स्क्रीनच्या पाठीसारखी पाठ तुम्ही काळ्या नायलॉनमधून काढलीत, पिनांच्या समोर पितळेचे ठिपके बसवलेत, १२चे ५ करणारा कन्व्हर्टर आत दडवलात. नवा स्क्रीन बसवायला त्या नायलॉनच्या पाठीतच ३० बाय ३८ मिलिमीटरच्या अंतरावर चार भोकं. सगळं झाल्यावर मी निघणार, तर तुम्ही विचारलंत, "हातमोजं कुठं हाईत?" ते घालून मला लॉक उघडायला लावलंत. मोज्याचं जाड बोट कडेला अडकत होतं. तुम्ही कानस घेतलीत, कड थोडी उतरवलीत, पुन्हा दाबायला लावलंत. तिसऱ्यांदा अलगद उघडलं तेव्हा कुठं तुमचं समाधान झालं. मजुरी तुम्ही योग्य तेवढीच सांगितलीत आणि मी ती आनंदाने दिली.

परवा गगनबावड्याला जाऊन आलो. पाऊस होता, धुकंही होतं. जिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात, तिथे पाटी धड दिसत नव्हती, पण स्क्रीन लख्ख होता. मला वैभववाडीला उतरायचं होतं, म्हणून करूळचा घाट धरला. वाटेत कुणालाही थांबवून विचारावं लागलं नाही. ज्यांना ऐकू येतं त्यांना यात विशेष वाटणार नाही. मला वाटलं. खड्ड्यांतून जाताना स्क्रीन केसभरही हलला नाही, आणि पावसातही करंट तुटला नाही.

गडहिंग्लजचे एक गाडीवाले माझा स्टँड बघून गेलेत. त्यांची गाडी हीच आणि अडचणही हीच. त्यांना तुमचा पत्ता दिलाय, आणि येताना स्क्रीन आणि हातमोजे दोन्ही घेऊन या असं बजावलंय. पुढच्या आठवड्यात येतील.

आपला ऋणी,
एक गाडीवाला, राजारामपुरी