बाळांचं दळण आधी लावणाऱ्या गिरणीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दिघ्यातल्या आम्ही अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई मिळून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. पोषणाचा विषय निघाला की वजनकाट्याचं नाव निघतं, दंड मोजायच्या पट्टीचं निघतं, सप्टेंबर आला की पोषण महिन्याचं निघतं. बाळाच्या लापशीचं सत्त्व, म्हणजे मोड आणलेल्या नाचणी-मुगाचं पीठ, दळून देणाऱ्या गिरणीचं नाव मात्र कुणी काढत नाही. ते राहून जाऊ नये.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाला जेमतेम दोनशे मिली. तेवढ्या जागेत पातळ पेज गेली की बाळ पोट भरून झोपतं आणि वजन जागचं हलत नाही. घट्ट शिजवावी तर नाचणीचा गोळा होतो, तो बाळाला गिळवत नाही. मोड आणलेल्या नाचणीत अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं. ते स्टार्च तोडतं, म्हणून तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घालूनही लापशी मऊ राहते. पण हे सगळं पिठावर अवलंबून, आणि पीठ तुमच्या हातात.

आम्ही आयांना सांगतो: एक किलो नाचणी रोळून खडे काढा, रात्रभर भिजवा, पाणी निथळून सुती फडक्यात बांधा. दीड दिवसात दाण्याएवढे मोड येतात. त्याहून लांब होऊ दिले तर पीठ कडवट लागतं. अर्धा किलो मुगालाही असेच मोड आणा. मग कडक वाळवून मंद आचेवर हलकं भाजा, मोड चोळून झटका. नाचणी काळपट भाजली की अमायलेज जातं आणि मोड आणण्याची मेहनत वाया जाते.

खरी अडचण वाळवण्यात येते. जून ते सप्टेंबर आपल्या उतारावरच्या खोल्यांत ऊन येतच नाही. पंख्याखाली पसरलेलं धान्य वरून कोरडं दिसतं, आत ओल राहते. तुम्ही प्रत्येक पिशवीतला दाणा दाताखाली धरून बघता. कटकन तुटला तर दळता, चेपला गेला तर “ताई, अजून एक दिवस” म्हणून परत देता. गिऱ्हाईक परत पाठवणं धंद्याला परवडत नाही, हे आम्हाला कळतं. पण ओलं धान्य दगडाला लिंपतं आणि ते पीठ चार दिवसांत बुरसतं. बुरशीचं पीठ बाळाच्या पोटात जाण्यापेक्षा पिशवी परत गेलेली बरी.

सकाळचा पहिला नंबर तुम्ही बाळांच्या दळणाला दिलात, मिरची कांडप सुरू व्हायच्या आधी. त्याआधी मूठभर तांदूळ दळून कालचं पीठ काढून टाकता. दगडांना टाकी लावली, म्हणजे ठोकून पुन्हा खरखरीत केले, की पहिल्या दळणात कच येते, म्हणून त्या दिवशी सत्त्वाला हातच लावत नाही. आणि पीठ गरम असताना डब्याचं झाकण लावू देत नाही, कारण आत घाम धरतो, गुठळ्या होतात. हे सगळं आम्ही आता प्रत्येक गृहभेटीत सांगतो.

शेंगदाणे धान्यात मिसळून आणू नका, हे तुमचंच सांगणं. तेल सुटून दगड चोंदतात आणि पीठ लवकर खवट होतं. म्हणून आता भाजून, निवडून केलेलं कूट लापशी शिजताना एक चमचा घालायचं, वर चमचाभर तेल किंवा तूप. पाच मिली तेलात साधारण ४५ कॅलरी मिळतात आणि पोटातली जागा जवळजवळ जात नाही. काळा, सुरकुतलेला दाणा मात्र फेकायचा, त्यात बुरशीचं विष असू शकतं.

घरात सत्त्व कमी असेल तर साध्या पिठाची घट्ट लापशी शिजवून उतरवावी, पाचेक मिनिटांनी त्यात एक लहान चमचा सत्त्व ढवळावं. बघता बघता सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढायची, कारण सत्त्व वरून घातलेलं असतं. चमचा तिरका केल्यावर लापशी ओघळून गेली तर ती पातळच झाली. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करून आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलीच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. दूध आईचं चालूच. वर्षाच्या आत मीठ नको. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा चहात बुडवून देण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर सत्त्वावर थांबायचं नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यायचं. दळणाला आलेल्या आईला तुम्ही “पट्टी लावून घेतली का?” असं विचारता, त्यामुळे आमच्याकडे यायला कचरणाऱ्या आयाही येतात. याबद्दल विशेष आभार.

आता एक विनंती. नऊ महिन्यांपुढच्या बाळांना चावायची सवय लागावी म्हणून थोडं जाडसर दळण हवं आहे. दगड थोडे सैल करून रव्यासारखी भरड देता आली तर त्या पिशव्यांना आम्ही लाल दोरा बांधून पाठवू.

आपल्या,
दिघ्यातल्या अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई