शिक्षणशास्त्र फक्त मास्तरांसाठी नाही

महोदय,

आपल्या पुरवणीत ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमांविषयी आलेल्या लेखात शिक्षणशास्त्राच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले आहे: ‘शिक्षकांना बढतीसाठी उपयुक्त.’ या पदवीची इतक्यात बोळवण केलेली मला पटली नाही. मी कर्मचारी-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करतो. आम्हाला जी माणसे शोधूनही सापडत नाहीत, ती नेमकी याच विषयातून तयार होतात.

रुग्णालयाचेच उदाहरण घ्या. परिचारिकांना हात धुण्याची योग्य पद्धत शिकवायची आहे. सत्र होते, अभिप्रायाचे फॉर्म भरले जातात, सगळे ‘छान झाले’ असे लिहितात आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्याचा अहवाल वर जातो. प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच अशा मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले होते. सत्र आवडले का, हा त्यातला फक्त पहिला. लोक खरोखर काही शिकले का, वॉर्डात परतल्यावर त्यांचे वागणे बदलले का आणि शेवटी संसर्ग कमी झाला का, हे पुढचे तीन. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्याच टप्प्यावर अडते, कारण पुढचे मोजायचे कसे हे कोणाला शिकवलेलेच नसते. शिक्षणशास्त्रात मूल्यमापन नीट शिकलेला माणूस सत्राच्या आधीच विचारतो, ‘सध्या किती जण योग्य पद्धतीने हात धुतात, याची नोंद आहे का?’ हा प्रश्न विचारणारा एक माणूस मिळाला तरी अख्ख्या विभागाचे काम बदलते.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांची गरजही अशीच आहे. बहुपर्यायी प्रश्न काढणे सोपे वाटते. पण प्रश्न चांगला की वाईट, हे उत्तरपत्रिका आल्यावर कळते. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के परीक्षार्थी वेगळे काढून, प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांतल्या किती जणांनी बरोबर सोडवला ते पाहण्याची रीत जुनी आहे. वरच्या गटाने चुकवलेला प्रश्न खालच्या गटाने बरोबर सोडवला असेल, तर खोट बहुधा प्रश्नात किंवा उत्तरसूचीत असते. आता संगणक हे गणित क्षणात करतो, पण आलेल्या आकड्याचा अर्थ लावायला माणूसच लागतो. या कामाला वर्गात उभे राहावे लागत नाही. पाठ्यपुस्तकांचे संपादन, शैक्षणिक सॉफ्टवेअरची आखणी, संग्रहालयांचे शिक्षण विभाग, स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन, या कामांनाही लागत नाही.

आता ‘ऑनलाइन’बद्दल. घरी बसून मिळवलेली पदवी दुय्यमच, हा समज अजून पुरता गेलेला नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच आपल्या परीक्षा कुठेही अभ्यास केलेल्यांसाठी खुल्या केल्या. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने टपाल आणि दूरचित्रवाणीच्या भरवशावर पदव्या दिल्या. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचे म्हणणे असे की, खरे अंतर शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या समजुतीचे असते. संवाद किती होतो आणि अभ्यासक्रमाची रचना किती ताठर आहे, यावर ते कमी-जास्त होते. तीनशे जणांच्या सभागृहात शेवटच्या बाकावर बसलेला विद्यार्थी शिक्षकापासून फारसा जवळ नसतोच.

म्हणूनच मी प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना जाहिरात बाजूला ठेवून एक गोष्ट आधी विचारायला सांगतो: माझा निबंध कोण वाचणार आणि त्यावर काय लिहून परत देणार? रेकॉर्ड केलेली व्याख्याने आणि संगणकाने तपासलेल्या चाचण्या एवढ्यावरच काम भागवले जात असेल, तर तिथे जाऊ नये. अभ्यासक्रम कसा आखावा हे शिकवणाराच अभ्यासक्रम धड आखलेला नसेल, तर त्याहून बोलका पुरावा कोणता हवा? प्रत्यक्ष काम करण्याची सोय आहे का, हेही पाहावे. नोकरी करणाऱ्याला आपल्याच कामाच्या ठिकाणी प्रकल्प करता येत असेल तर सोन्याहून पिवळे. पुढे पीएच.डी. करायची असेल, तर नुसत्या प्रकल्पाऐवजी प्रबंधाचा पर्याय असलेला बरा.

एका बाबतीत मात्र जाहिराती सरळसरळ दिशाभूल करतात. शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि शाळेत शिकवण्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक देशांत शिक्षक व्हायला स्वतंत्र परवाना आणि देखरेखीखाली केलेले वर्गाध्यापन लागते. ते नुसत्या ऑनलाइन पदवीने मिळेलच असे नाही. समुपदेशनाचेही तसेच. जाहिरातीत ‘शिक्षक, समुपदेशक, प्राचार्य’ अशी माळ ओवलेली असते आणि अटी कुठेतरी तळाशी बारीक अक्षरांत. फी भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता आणि हव्या त्या पदाचे नियम, दोन्ही मूळ नियामकाकडेच तपासावेत. प्रवेश विभागातल्या फोनवरच्या गोड आवाजाकडे नव्हे.

आमच्याकडे मुलाखतीला येणारे काही उमेदवार पदवीचे नाव सांगून थांबतात. काही जण मात्र स्वतः तयार केलेला एखादा धडा, त्याची चाचणी आणि चाचणीनंतर केलेले बदल घेऊन येतात. त्यांना आम्ही पदवी कोणत्या माध्यमातून घेतली हे विचारतही नाही.

आपल्याला विनंती अशी की, या विषयावर पुन्हा लेख येईल तेव्हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांबरोबरच ही पदवी घेऊन शाळेबाहेर काम करणाऱ्यांनाही बोलते करावे. त्यांचा दिवस कशात जातो, पदवीतला कोणता भाग उपयोगी पडला आणि कोणता वाया गेला, हे छापून आले तर प्रवेश अर्ज भरणाऱ्यांना निवड करणे सोपे जाईल.

आपला,
एक नियमित वाचक