मावशीला विसरलीस

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

मिरग चार दिवसांवर आला. आमसुलांना शेवटचं पुट द्यायचं राहिलंय, त्यामुळे एक डोळा आभाळाकडे ठेवून लिहितेय. फोनवर "आई, नंतर बोलू" म्हणाली असतीस, म्हणून कागद.

परवा मावशी आली होती. खळ्यात कोकमं फोडता फोडता म्हणाली, "बाय लोणावळ्याला गेली वाटतं, स्टेटस बघितलंस?" मी फोन बघितला. काही नाही. तिच्या फोनवर मात्र तू टायगर पॉइंटला कणीस खात उभी. मला सांगितलेलंस, शनिवारी ऑफिस आहे. म्हणजे व्हॉट्सॲप स्टेटसच्या प्रायव्हसीत 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' करून मला, बाबांना आणि काकांना वगळलंस आणि मावशीला विसरलीस. मावशीला!

रागावले नाही. (भाकरी करपली त्या रात्री, ते सोड.) तुझ्या वयात मी आईला न सांगता मालवणला सिनेमाला गेले होते. एसटीचा कंडक्टर ओळखीचा निघाला, मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. तेव्हा तू काय लपवलंस ते मी विचारणार नाही.

पण मग तुझं इन्स्टाग्राम उघडलं. मी तिथे तुला फॉलोसुद्धा करत नाही, तरी सगळं दिसलं. मे महिन्यातलं गाडीचं तिकीट, वर 'चालले घरी'. सुटायची वेळ, सीट नंबर आणि खाली तुझा मोबाईल नंबर. खोलीच्या बाल्कनीतून काढलेला फोटो, त्यात समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी अख्खी वाचता येते. आईच्या तोंडावर कवाडी लावलीस आणि रस्त्याच्या अंगाचा गडगा ढासळलेला तसाच. गुरं तिथूनच शिरतात गो.

अकाउंट प्रायव्हेट कर आणि ते तिकीट आज काढून टाक. पण तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्याच्या पोस्टवर आपण जे लिहितो ते त्याच्या सेटिंगवर चालतं, आपल्या नाही. फेसबुकवर त्या आंब्याच्या पेजवर भांडलीस ना, 2018 ला हापूसला जीआय (ठिकाणाच्या नावाचा सरकारी शिक्का) मिळालं तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरतात म्हणून? बाबा खूश, चार जणांना वाचून दाखवलं. पण ती पोस्ट पब्लिक आहे. तुझ्या नावावर बोट ठेवलं की प्रोफाइल उघडतं, तिथे कंपनीचं नाव, कॉलेज, आणि मैत्रिणींची अख्खी यादी. यादी 'ओन्ली मी' करता येते. जुन्या पब्लिक पोस्टसुद्धा एकदम फक्त फ्रेंड्सपुरत्या करता येतात, 'लिमिट पास्ट पोस्ट्स' म्हणून आहे बघ.

हे मला कसं कळतं? फणसपोळीची गिऱ्हाइकं. "वाचलंत ना, मग उत्तर का नाही?" म्हणून रात्री अकराला विचारायची, म्हणून मी व्हॉट्सॲपवरच्या निळ्या टिका बंद केल्या. मग त्यांनी माझा भाव वाचला की नाही तेही मला दिसेना! आणि ग्रुपवर टिका उमटतातच. लास्ट सीनचंही तसंच, माझ्यापासून लपवलास तर माझाही तुला दिसणार नाही. लपव हवा तर. मी साडेनऊला झोपते, त्यात बघण्यासारखं काय आहे?

मावशीला काही बोलू नकोस, तिला वाटतं तिने चुगली केली. पुढच्या वेळी तिलाही वगळ, नाहीतर मला ठेव.

गार वारा सुटला. आमसुलं आत घेते.

तुझी,
आई