पॅरोलच्या चौकशीला घरी कोण जातं?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी निवृत्त परिवीक्षा अधिकारी, म्हणजे आरोपीच्या घरी जाऊन चौकशी करणारा आणि तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटलेल्यांवर लक्ष ठेवणारा सरकारी माणूस. कोर्टात आम्हाला नुसतं ‘पीओ’ (प्रोबेशन ऑफिसर) म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या ओट्यावर बसून अहवाल लिहिण्यात गेली. हे पत्र मात्र अशा एका अर्जाबद्दल आहे, ज्याची चौकशी माझ्याकडे कधी आलीच नाही.

जन्मठेपेच्या एका कैद्याची आई अंथरुणाला खिळली होती. त्याने पॅरोल, म्हणजे अडचणीच्या कारणासाठी तुरुंगातून मिळणारी तात्पुरती रजा, मागितला. जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण हे कारण 1959 च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांत आहेच. अर्ज कारागृहातून विभागीय आयुक्तांकडे गेला आणि पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला गेला. तो तीन ओळींचा आला: फिर्यादी पक्षाशी वाद होऊन शांतता भंग होण्याची शक्यता आहे, कैदी फरार होऊ शकतो, सबब शिफारस नाही. अर्ज नामंजूर झाला. वकील गाठून हायकोर्टात जायची तयारी होईपर्यंत म्हातारी गेली.

माझी बहीण त्याच गावात दिली आहे, म्हणून मी दहाव्याला गेलो. खाटेच्या खुराला औषधांची पिशवी तशीच अडकवलेली होती. फिर्यादी दोन गल्ल्या पलीकडचा, तोही येऊन बसला होता. मला म्हणाला, “पोरगं आईला भेटून गेलं असतं तर माझी काय हरकत होती? मला कुणी विचारलंच नाही.”

त्या हवालदाराला मी दोष देत नाही. बंदोबस्त, समन्स, वॉरंट यांतून त्याला उसंत नसते. शिवाय कैदी पळाला तर जाब त्याला विचारतात, विनाकारण नकार गेला तर कुणालाच विचारत नाहीत. मग तो ‘शांतता भंग’ लिहिणार नाही तर काय करणार? अशाच अहवालांवरच्या नकारांविरुद्ध हायकोर्टाच्या नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांपुढे सतत अर्ज येत असतात.

घरी जाऊन बघायचं काम आम्हाला येतं, साहेब. 1958 च्या परिवीक्षा कायद्याने ते आमच्यावर सोपवलं आहे. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात धाडायचं की नाही हे ठरवण्याआधी कोर्टाने आमचा अहवाल मागवायचा असतो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलेल्यावर देखरेख ठेवायची, त्याला काम मिळवून द्यायला मदत करायची, हेही कलम 14 मध्ये आमचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. मोटारसायकल चोरलेला एक पोरगा मी पुन्हा त्याच्या जुन्या गॅरेजवर लावला होता. मालक आधी तयारच नव्हता, त्याच्याकडे चार खेपा घालाव्या लागल्या. पोरगा दर महिन्याला काळ्या हातांनीच माझ्याकडे यायचा, सही करायचा आणि पगारातून आईला किती दिले ते सांगायचा.

पण आम्ही महिला व बालविकास विभागाचे, कारागृह आणि पोलीस तुमच्याकडे आणि आयुक्त महसूलचे. एका कैद्याच्या रजेची फाइल तिथून इथे फिरते, घरी मात्र कुणी जात नाही. रजेवर आलेल्यावर देखरेख म्हणजे पोलीस ठाण्यातली हजेरी, एवढंच. तो कुठे झोपतो, गावात त्याला कुणी डिवचतं का, परतीच्या भाड्याला पैसे आहेत का, हे विचारणारं कुणी नाही. उशीर झाला की मात्र तो ‘फरार’, आणि त्याची माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापली जाते. जामीनदार मिळाला नाही म्हणून मंजूर झालेली रजाही न घेता बराकीत राहिलेले कैदी मला माहीत आहेत. गरिबाला जामीन कोण राहणार?

कुटुंबाशी आणि समाजाशी नातं टिकावं म्हणून पॅरोल आणि फर्लो (ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणारी रजा) असतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अशफाक विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात सांगितलं आहे. आपल्या खात्याचं नावही ‘कारागृह व सुधारसेवा’ आहे.

म्हणून मागणी करतो की, पोलिसांच्या अहवालासोबत परिवीक्षा अधिकाऱ्याचा गृहचौकशी अहवाल सक्तीचा करा आणि त्यात फिर्यादीचं म्हणणं त्याच्याच तोंडून घ्या. रजेच्या काळात पीओची घरी निदान एक भेट व्हावी. अगदी गरीब कैद्याला निव्वळ जातमुचलक्यावर सोडायची मुभा द्या. त्यासाठी आमची पदं भरावी लागतील. आज हीच माणसं बालन्याय मंडळाचीही कामं ओढत आहेत. महिला व बालविकास मंत्र्यांनाही या पत्राची प्रत पाठवतो आहे, कारण दोघांनी एकत्र बसल्याशिवाय हा शासननिर्णय निघणार नाही.

तो कैदी अजून आत आहे. त्याच्या वडिलांनी आता वयाची पंच्याहत्तरी ओलांडली आहे.

आपला,
एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी