दाराबाहेरचा चहा

हॅमिल्टन, न्यूझीलंड

प्रिय प्रशांत,

सप्रेम नमस्कार. डहाणूकडच्या पाड्यांवरचं समुपदेशनाचं काम आता तुझ्या हाताखाली चालणार, हे वाचून खूप बरं वाटलं. तू विचारलंयस, इथल्या मूळ रहिवाशांत, म्हणजे माओरी लोकांत, हे काम पुढे होऊन चालवतं कोण आणि कसं. पाच वर्षं त्यांच्याच संस्थेत काढल्यावर जे कळलं ते सांगते.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी पदवी सांगितली, नाशिकमधला अनुभव सांगितला. समोर बसलेल्या कुइया, म्हणजे मानाच्या आजी, शांतपणे म्हणाल्या, "ते झालं. तुझा डोंगर कुठला? नदी कुठली?" मी म्हटलं, ब्रह्मगिरी आणि गोदावरी. मग आजोबा-पणजोबांचं गाव सांगितलं. त्यानंतरच त्यांनी मला जवळ बसवलं.

सर मेसन ड्युरी हे त्यांच्यातलेच मानसोपचारतज्ज्ञ. १९८० च्या दशकात त्यांनी आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली. आत्मा, मन, शरीर आणि फानाऊ या त्या चार भिंती. फानाऊला 'कुटुंब' हा शब्द तोकडा पडतो, 'गोतावळा' जवळचा. एक भिंत खचली की घर कलतं, म्हणून एकट्या मनावर उपचार करून भागत नाही. आणि हे घर उभं असतं फेनुआवर. फेनुआ म्हणजे जमीन, आणि बाळंतपणातली वार तीही फेनुआच. ती ते आपल्या मातीत पुरतात. आपल्याकडच्या सुईणींना हे वेगळं समजवावं लागलं नसतं.

हे सगळं मोडायचा प्रयत्न झाला होता, हे विसरू नकोस. तोहुंगा म्हणजे त्यांचे जाणते, वैदू. त्यांच्यावर १९०७ मध्ये कायद्याने बंदी आली, ती १९६२ पर्यंत कागदावर राहिली. शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांनी मार खाल्ला. पुढे सरकारी संगोपनात माओरी मुलंच जास्त जाऊ लागली. तेव्हा जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखालची समिती गावोगावच्या मराएवर, म्हणजे त्यांच्या सभास्थानी जाऊन बसली आणि लोकांचं ऐकत राहिली. १९८८ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अहवालाचं नाव 'पहाट'. समाजकल्याण खात्याच्या कारभारातच वंशभेद मुरलाय, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी कायदा बदलला आणि मुलाबद्दलच्या निर्णयासाठी गोतावळ्याची बैठक आली.

माझं शिक्षण खरं तिथे झालं. दोन लहान मुलं होती, आईचं मन पार खचलेलं, त्यात व्यसन. मुलांना काही महिने दुसऱ्या घरी ठेवावं, हे मी मनात ठरवूनच गेले होते. एकोणीस नातेवाईक आले. प्रार्थना झाली, आम्ही माहिती सांगितली, आणि मग आम्हांला बाहेर जायला सांगितलं. तशी रीतच आहे: ठरवताना गोतावळा एकटा असतो, अधिकारी, समुपदेशक सगळे बाहेर. मी स्वयंपाकघरात सारखी दाराकडे बघत होते. आमच्या कुइया कप पुसत म्हणाल्या, "चहा पी. त्यांना त्यांचं काम करू दे."

पावणेदोन तासांनी दार उघडलं. मुलांच्या आईची मावशी मुलांना नेणार होती, आणि आईलासुद्धा! दर गुरुवारी तिला दवाखान्यात न्यायचं काम एका काकाने घेतलं होतं. आईलाही सोबत न्यावं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. पुढे मार्चमध्ये ती पुन्हा इस्पितळात गेली. पण मुलांची शाळा बदलली नाही, अंथरूण बदललं नाही.

आमची प्रमुख बाई त्या दिवशी तिथे नव्हतीच. तिचं काम वेगळ्याच खोलीत चालतं. पैसे देणाऱ्यांना समुपदेशनाच्या सत्रांचा आकडा हवा असतो, आणि तो पावणेदोन तासांचा चहा कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्या वेळेसाठी ती दर वर्षी भांडते. आमच्या बैठकीत मात्र सगळ्यांत शेवटी बोलते. तू काय करावंस विचारतोस ना? हे कर. पाड्यावर बोलायला लोक आहेत, त्यांच्या वेळेसाठी वरच्यांशी भांडणारं माणूस हवं असतं.

मिळालेलं टिकतंच असं नाही. तारिआना तुरिया यांनी २०१० मध्ये सुरू केलेली फानाऊ ओरा, म्हणजे अख्ख्या गोतावळ्याच्या स्वास्थ्याची योजना, अजून चालते. पण बालसंगोपन खात्यावर माओरींप्रती जबाबदारी टाकणारं २०१९ चं कलम २०२५ मध्ये रद्द झालं. त्या आठवड्यात आमच्याकडे कुणी फारसं बोललं नाही.

इथल्या वायकाटो नदीबद्दल एक जुनी म्हण आहे: वळणावळणावर एक तानिफा. तानिफा म्हणजे डोहातला बलाढ्य जीव, आणि मोठं माणूसही. तुझ्या सूर्या नदीकाठीही असतील. भगत असेल, सुईण असेल, कुणी आजी असेल. महालक्ष्मीच्या डोंगराखालच्या पाड्यांवर पहिल्यांदा जाशील, तेव्हा फॉर्म पिशवीतच राहू दे, आणि म्हाताऱ्यांनी तुला आधी काय विचारलं ते मला सविस्तर लिही.

काकूंना नमस्कार.

तुझी,
माधवी