पोरीला परदेशात शिकायला पाठवायचंय

प्रिय भो,

कसा शे? वहिनी, पोरं सगळे मजेत ना. फोनवर बोललो असतो पण तू कायम मीटिंगात असतोस आणि हे दोन मिनिटांत सांगायचं काम नाही, म्हणून लिहितोय. सवडीने वाच, पण नक्की वाच.

आपल्या गल्लीच्या टोकाला राहतात ते केळी कटाईच्या टोळीत घड वाहणारे अण्णा आठवतात का, त्यांची धाकटी पोर. तू गाव सोडलंस तेव्हा पाटी घेऊन जिल्हा परिषद शाळेत जायची. ती यंदा धुळ्याच्या कृषी कॉलेजातून बीएस्सी ॲग्री झाली आणि आता तिला नेदरलँडच्या वॅगेनिंगेन युनिव्हर्सिटीत एमएस्सीला जायचंय, वनस्पतींच्या रोगांवर. शेतीच्या शिक्षणात जगात पहिल्या रांगेतलं नाव आहे ते. केळीच्या पनामा रोगावर तिथे मोठं काम चालतं, आणि त्या रोगाचा टीआर-4 नावाचा वाईट प्रकार आपल्या देशात बिहार, उत्तर प्रदेशात शिरलाय. उद्या आपल्या केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावल-चोपड्यात शिरला तर काय होईल विचार कर.

पोरगी काय चीज आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या वर्षी माझ्या कांदेबागात, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत, पानांवर पिवळ्या रेघा दिसायला लागल्या. दुकानदार म्हणे हे मार, ते मार, मी दोन फवारण्या केल्या पण काही फरक नाही. ती सुट्टीत आलेली, बांधावरून जाताना थांबली, पान उलटं करून माव्याचे बारीक किडे दाखवले, मग पोंग्याजवळचं कोवळं पान उजेडासमोर धरलं आणि म्हणाली काका, हा हरण्या आहे, कुकुंबर मोझॅक व्हायरस, व्हायरसवर कुठलंच औषध चालत नाही, झाडं मुळासकट उपटून गाडा आणि तो पसरवणारा मावा आवरा. शेजारच्या वावरात काकडी होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणे तिथूनही येतो हा. मी त्याच दिवशी मजूर लावून झाडं काढली, बाकीची बाग वाचली. इतकं शांतपणे सांगितलं तिने, मला आत कुठेतरी भरून आलं.

आता तिचा रस्ता सांगतो. पाचवीत असताना गुरुजींनी स्वतःच्या पैशाने तिचा फोटो काढून नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. 80 प्रश्न, 100 मार्क, दोन तास, आणि जिल्ह्यातून 80 पोरं घेतात. ही लागली. साकेगावला सहावी ते बारावी, राहणं-खाणं-पुस्तकं सगळं फुकट. गुरुजींनी तो फॉर्म भरला नसता तर ही आज कुठे असती, मी विचारही करू शकत नाही. आपल्याच वर्गात एक पोरगा होता ना, सरांच्या आधी गणिताचं उत्तर सांगायचा, दहावीनंतर ट्रॅक्टरवर गेला. डोकं त्याचंही असंच होतं रे, त्याला वेळेवर कोणी सांगणारं भेटलं नाही. मला इतकंच वाटतं की गावात हुशारी पुष्कळ आहे, फक्त कोणत्या महिन्यात कोणता कागद लागतो हे सांगणारा माणूस लागतो, आणि तो आपण का नसावं.

कारण कागदांचा भाग खरंच जीवघेणा आहे. जात वैधता प्रमाणपत्र बारावीतच काढून ठेवलं होतं म्हणून वाचलो. पण दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरं. पासपोर्टच्या आधी ते सरळ करायला आम्ही महिनाभर पळालो, बिचारे अण्णा प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून यायचे. मधे एक कन्सल्टन्सीवाला भेटला, सगळं करून देतो म्हणाला आणि आकडा असा सांगितला की अण्णांचं तोंडच उतरलं, तिथून सरळ उठून आलो.

पैशाचं म्हणशील तर तिथली फी वर्षाला 20 हजार युरोच्या वर आहे, आपल्याच्याने होणारं कामच नाही. पण सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठी, राज्यभरातून 75 जागा, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे आणि युनिव्हर्सिटी क्यूएस नावाच्या जागतिक रँकिंगमधे पहिल्या 200 मधे, वॅगेनिंगेन त्यात बसते. फी, विमा, जाण्यायेण्याचं विमान आणि राहण्या-खाण्याला वर्षाला 15,400 डॉलर. फक्त जाहिरात येते उन्हाळ्याच्या शेवटाला आणि तोवर ॲडमिशनचं पत्र हातात असावं लागतं, म्हणून पळापळ आत्तापासून करावी लागते. पोरीने हे सगळं स्वतः शोधलंय. आपल्या शेजारच्या बुलढाण्याचे राजू केंद्रे 2021 ला ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, ते खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या पोरांसाठी एकलव्य नावाची संस्था चालवतात, त्यांचे व्हिडिओ बघून तिने वही भरलीय तारखांनी.

अण्णा मात्र आधी तयार नव्हते. मला म्हणे, भाऊ, इतली दूर पोर जाई, तठे तिले कोन शे? काय बोलावं सुचेना. मग तीच म्हणाली, बाबा, नववीत मला नवोदयने वर्षभर हिंदी मुलखात पाठवलं होतं तेव्हा मी किती वर्षांची होते, राहिले ना? ते गप्प झाले. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, मी म्हटलं अण्णा, हे 1913 ला अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुक्यातले, आपल्याच अहिराणी मुलखातलं पोर. पुढे 1920 ला परत लंडनला जाताना शाहू महाराज पाठीशी उभे राहिले, त्यांच्याच नावाची ही शिष्यवृत्ती. अण्णा बराच वेळ फोटोकडे बघत बसले आणि मग आतून चहा टाकायला सांगितलं. काकूंनी तर त्याच संध्याकाळी बचत गटातून किती निघतील ते विचारून ठेवलं.

आता तुझं काम. जानेवारीत तिची आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा आहे तुझ्या पुण्यात. 18,000 च्या आसपास फी, ती मी आणि गावातल्या चौघांनी मिळून भरलीय, त्याची काळजी नको. किमान 6.5 बँड लागतो. वाचन-लेखनात ती पक्की आहे, धाकधूक बोलण्याची, समोर परीक्षक बसून अकरा ते चौदा मिनिटं बोलायला लावतो आणि इथे इंग्रजीत बोलायला समोर कोणी नाही. म्हणून तिला परीक्षेआधी आठवडाभर तुझ्याकडे ठेवून घे. तू तिकडे इतकी वर्षं काढलीस, रोज संध्याकाळी जेवताना तिच्याशी फक्त इंग्रजीत बोल, चुकली तरी मधे थांबवू नको, नंतर सांग. तुझ्या लेकीलाही बसव सोबत, दोघींचं जमेल. आणि तिने एसओपी, म्हणजे अर्जासोबत द्यायचं स्वतःबद्दलचं निवेदन लिहिलंय ते मी मेल करतो. त्यात ती आपण कसं कष्टात शिकलो यावर फार लिहून बसलीय, हरण्याचं एका ओळीत गुंडाळलंय. मला वाटतं उलटं हवं, बागेतलं काम आधी यायला पाहिजे, पण तू वाचून सांग, यातलं तुला जास्त कळतं.

जेवणाचं म्हणशील तर काही मागणार नाही ती, लाजाळू आहे, तूच वाढ. कळण्याचं पीठ आणि भरिताची वांगी तिच्यासोबत पाठवतोय.

वहिनींना विचारून मगच हो म्हण आणि या रविवारपर्यंत कळव, रेल्वेचं तिकीट काढायचंय, भुसावळहून बसवून देईन मी तिला.

तुझाच
गाववाला