सहाशे वर्षांच्या घराच्या दुरुस्तीवर 20 टक्के कर कशासाठी?

मा. अर्थमंत्री, ब्रिटन सरकार यांस,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी शेतघरांची दुरुस्ती करणाऱ्याकडून आपले सरकार 20 टक्के व्हॅट घेते, आणि नवे घर बांधणाऱ्याला शून्य दर लावते. त्याविषयी हे पत्र.

पश्चिम ससेक्समध्ये सिंगलटनच्या संग्रहालयात 'बे-लीफ' नावाचे शेतघर आहे. मूळचे केंटमधल्या चिडिंगस्टोनचे. तिथे बाऊ बीचचा जलाशय होणार म्हणून 1960च्या दशकाच्या अखेरीस ते उतरवले आणि पुढे सिंगलटनला पुन्हा उभे केले. लाकडातल्या वर्षवलयांवरून त्याचा सर्वांत जुना भाग 1405 ते 1430 दरम्यानचा ठरतो. इतके जुने घर खोलून पुन्हा जोडता आले, कारण ते मुळातच जोडणीचे. ओला ओक तासायचा, एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे कुसू, म्हणजे तासलेले टोक, बसवायचे, आरपार ओकचीच खुंटी ठोकायची. कोणते लाकूड कुठले हे कळावे म्हणून सुतार सांध्यांवर रोमन आकडे कोरत. खांबांमधल्या भिंती आमच्या कोकणातल्या कुडासारख्या: काटक्यांची वीण, वर माती, शेण आणि पेंढ्याचे लिंपण.

अशा घरांत मधल्या दिवाणखान्याला धुराडे नसे. जमिनीवरच जाळ, धूर थेट छपरात. पुढे 16व्या-17व्या शतकांत धुराडी आली, मधे माळा पडला. पण आजही कित्येक घरांत माळ्यावर चढून वाशाला हात लावला तर बोटाला ती काजळी लागते.

या घरांचे सर्वांत नाजूक ठिकाण म्हणजे खांबांखालची आडवी तुळई. विसाव्या शतकात अनेकांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आत शिरलेले पाणी त्यातून सुकत नाही आणि तुळई कुजते. मग सिमेंट काढायचे, कुजका तेवढाच भाग कापून नव्या ओकचा तुकडा सांधायचा, वर चुना लावायचा. हे हातकाम आहे, म्हणून महाग आहे. संरक्षित, म्हणजे सरकारच्या वारसा यादीतल्या, घराच्या रूपाला धक्का लागेल असे काम विनापरवाना केले, तर 1990च्या कायद्याने तो गुन्हा. म्हणजे महाग पद्धत सरकारनेच बंधनकारक करायची आणि तिच्यावर पूर्ण करही घ्यायचा!

2012पर्यंत संरक्षित घरांतल्या मंजूर फेरबदलांना शून्य दर होता, दुरुस्तीला मात्र पूर्ण. ही विसंगती खरीच होती. पण ती मिटवताना 1 ऑक्टोबर 2012पासून सरकारने दुरुस्तीचा कर उतरवला नाही, फेरबदलांचा चढवला. दुसरीकडे, दोन वर्षे ओस पडलेले घर राहण्याजोगे करायला 5 टक्केच दर आहे. ज्या कुटुंबाने घरात राहून दरवर्षी छप्पर शाकारले, त्याने मात्र 20 भरायचे. हा न्याय मला पटत नाही.

माझी मागणी एवढीच: संरक्षित राहत्या घरांच्या दुरुस्तीलाही 5 टक्के दर लावा, आणि त्याची घोषणा येत्या अर्थसंकल्पातच करा.

आपला,
ब्रिटनमधला एक मराठी करदाता